तीट आणि सरासरी

शुभा, शोकसभेत ठेवलेला तुझा फोटो मी आधी ओळखलाच नाही. देवाशपथ. हार, उदबत्त्या, पांढरी चादर घातलेलं मेज, सगळं यथासांग होतं, आणि मधोमध कोणी तरी गोरीगोमटी बाई हसत बसलेली. मला वाटलं, घाईघाईत चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेत शिरले. मग तुझा तो पुढचा वाकडा दात दिसला, तेव्हा कळलं की ही आमचीच. पेडण्याच्या स्टुडिओवाल्याने मेल्यावर तुला गोरं करून टाकलं, गो! तुझ्या भावाला विचारलं तर म्हणतो, "सगळ्यांचेच तशे करतत ते. बरे दिसतत."

बरे दिसतत म्हणे! जन्मभर कोरगावच्या उन्हात रापलेला, काजूच्या बागेत वाढलेला तो काळा रंग तू मिरवत फिरलीस, आणि एका दुपारीत त्या माणसाने तो पुसून टाकला. मी तिथल्या तिथे भांडणार होते, पण मावशी पहिल्या रांगेत बसली होती, म्हणून गप्प राहिले. तुझी आई नसती तर सभेत तमाशा झाला असता, हे लिहून ठेव.

वर आणि भाषणं. कोणी म्हणालं, शुभदाबाई शांत स्वभावाच्या होत्या. तू आणि शांत? कोणी म्हणालं, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. माझ्या शेजारी आपल्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ संतोष बसला होता. हे वाक्य ऐकून त्याला ठसका लागला. लेझरची आरशी त्याने एक केस वाकडी बसवली होती तेव्हा तू त्याला जे काय बोलली होतीस ते त्या भिंतींना अजून पाठ असेल.

तू झोपेतच गेलीस, हृदय बंद पडलं, एवढं पेपरात आलं ते पुरे. कुठे शिकलीस, कुठे नोकरी केलीस, तेही सभेत वाचून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस, आणि ही तुझी जुनीच खोड. वाद हरायला लागलीस की तुला लगेच म्हापशाची बस आठवायची.

आधी रागाचं सांगते. छातीत दुखतंय म्हणून तू कुणालाच बोलली नाहीस. मला म्हणालीस, "पित्त झालां. काल सुको बांगडो खाल्लंय." आणि मी हसले. दुसऱ्यांच्या अंगात काय चाललंय ते ऐकण्यात अर्धं आयुष्य घालवलंस, बाय, आणि स्वतःच्या छातीवर सोडा ओतून गप्प बसलीस. हे मी तुला माफ केलेलं नाही. कधी करीन असं वाटतही नाही.

मी तुझ्याकडे आले ती पर्वरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून. लाटंबार्सेची मुलगी, आकडे बरे, जीभ त्याहून तिखट. तू माझी मुलाखत घेतली नाहीस, नुसता माझा हात ओढून यंत्राखाली धरलास. डोळ्यांवर काळा चष्मा चढवलास, हातावर गार जेल फासलंस आणि म्हणालीस, "उजेड भितर जाता, आवाज भायर येता. बस, एवढांच आमचां काम."

नंतर मी हेच काम लोकांना समजावून सांगायला लागले की घटकाभरात समोरचा जांभया द्यायचा. लेझरचा एक झोत, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपणारा. तो कातडीतून आत जातो. रक्त तो उजेड पितं, कणभर तापतं, कणभर फुगतं, आणि फुगताना बारीकसा आवाज करतं, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा. तो आवाज यंत्राने टिपायचा आणि त्यावरून आतल्या शिरांचं चित्र काढायचं. ना सुई, ना क्ष-किरण. मला हे सांगायला एवढं लागायचं. तू चार शब्दांत उरकायचीस आणि म्हाताऱ्या बाया मान डोलावून हात पुढे करायच्या.

त्या दिवशी माझ्या गोऱ्या हाताचं चित्र पडद्यावर आलं ते बघून तू शीळ घातलीस. शिरा अशा उमटल्या होत्या, जणू कुणी बारीक निबाच्या पेनाने काढल्यात. "तुझो हात म्हणजे यंत्राक साखर गो!" मी खूश झाले. मग तू स्वतःचा हात ठेवलास. पडद्यावर वर एक जाड पांढरा पट्टा आला आणि खाली नुसतं धुकं. "हो माझो," तू म्हणालीस. "आता सांग, माझ्या हातात रगत नाय काय?"

सगळा प्रश्न तुझ्या त्या एका वाक्यात होता. कातडीतला काळा रंग उजेडाला दारातच अडवतो आणि तिथेच मोठ्याने बोंब ठोकतो. आत उजेड कमी पोचतो, म्हणून खोलवरच्या शिरा हळू बोलतात, आणि वरच्या बोंबेचे पडसाद नेमके त्यांच्याच अंगावर येऊन पडतात. जगभरातली सुंदर सुंदर चित्रं मी पाहिली होती. ती कुणाच्या कातडीची होती हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तू मला ते विचारायला लावलंस. म्हणून मी राहिले, पगार कमी होता तरी.

आता आपलं भांडण. माझा विश्वास सरासरीवर. तोच झोत पुन्हा पुन्हा मारायचा, आलेले आवाज एकावर एक ठेवायचे. खरा आवाज दर वेळी त्याच जागी येतो, भटका आवाज एकमेकांत विरून जातो. सोपं, जुनं, खणखणीत. तुझा त्यावर जीवच नव्हता. "सरासरीन पावसाची टपटप जायत. शेजाऱ्याचो लाउडस्पीकर कसो जायत?" कातडीची ती बोंब दर झोताला तश्शीच येते, म्हणून सरासरीने हलत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य होतं. पण टपटप तरी घालवायला हवी की नको? आणि ती घालवायची तर झोत भरपूर मारायला हवेत. तू म्हणायचीस, एवढा वेळ म्हाताऱ्या माणसाचा हात स्थिर राहत नाही. मी म्हणायची, हाताखाली वाळूची पिशवी ठेव. तू म्हणायचीस, "हात म्हणजे मेज नाय गो, रेखा! तो जितो आसा." आणि बॅग उचलून चालू पडायचीस.

ऐक, सरासरीच्या बाबतीत तू चुकलीस. तू गेलीस म्हणून मी हे मागे घेणार नाही.

पण तीट तुझी. तिथे मी हात टेकले.

तुला पुरस्कार की काय मिळाला होता आणि गावच्या देवळाच्या मांडवात सत्कार झाला होता. सगळा कोरगाव तुझं कौतुक करत होता. दुसऱ्या दिवशी तू स्वतःचा हात यंत्राखाली ठेवलास, आणि पडद्यावर एक ठिपका चमकला. असा लखलखीत ठिपका मी आजवर पाहिला नव्हता. टोकदार, स्वच्छ, एकटा. आधी वाटलं यंत्राचा एखादा कान बिघडला. कान बदलून पाहिले. लेझर तपासला. संतोषने वायरी उपसल्या, मी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला, तू जेवलीसुद्धा नाहीस. ठिपका जागच्या जागी. मी वैतागून म्हणाले, तुझ्या हातात काय हिराबिरा पुरून ठेवलाय का? तेव्हा तू जेल पुसलंस, मनगट उलटं करून जनेलातून येणाऱ्या उजेडात धरलंस आणि खाली बसून हसत सुटलीस. हसून हसून डोळ्यांत पाणी. "आवशीन तीट लायली गो माका! दिष्ट लागात म्हणान!"

नोकरीवर जाणारी एवढी थोरली बाई, कानामागे काजळ लावून घ्यायला तयार होईना, म्हणून मावशीने सकाळी चहा देता देता मनगटाच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं होतं. घरचं काजळ, दिव्याच्या काजळीचं. तुझ्या लक्षातही आलं नव्हतं. जगात दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला असली चूक करता आली असती? तिकडे नजर लागते हेच कुणाला ठाऊक नाही.

मला वाटलं, झालं, गंमत संपली, आता हात धू. पण तू हात धुतला नाहीस. पडद्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, हा ठिपका कातडीवर आहे हे आपल्याला माहीत आहे. केवढा आहे ते माहीत आहे. म्हणजे कातडीवरून निघालेली बोंब यंत्रात शिरून कशी घुमते, तिचे पडसाद कधी आणि केवढे येतात, ते सगळं हा ठिपका आपल्याला एकटा करून दाखवतोय. बोंब कशी असते ते कळलं की ती वजा करता येईल. मी म्हटलं, काजळाने? तू म्हणालीस, "काजळान नाय तर कशान? आवस जाणा."

मावशीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तिला फक्त लेकीची काळजी होती. पण तुला ते श्रेय तिला द्यायचंच होतं.

मग सुरू झाला कामाचा रगाडा. चायना ग्रास, दूध आणि काळी शाई घालून तू खोटी कातडी शिजवायचीस, बेबिंकसारखी थरावर थर, वर पातळ काळा थर, खाली फिका. त्यावर तीट लावून मोजायचं. तीट केवढी असली म्हणजे कातडी तापत नाही ते बघायचं. मग स्वतःच्या हातावर. मग परवानग्या, समितीपुढे उभं राहणं. समितीतल्या एकाने विचारलं, या चिन्हाचा धार्मिक हेतू आहे का? तू सरळ तोंड ठेवून म्हणालीस, "होय, यंत्राला नजर लागू नये म्हणून." मी मेजाखालून तुझा पाय तुडवला. परवानगी कशी मिळाली देव जाणे.

आणि मग हात आले. कोरगाव-पार्सेच्या काजू फोडणाऱ्या बाया, बोटं डीक लागून काळी पडलेली. काजूच्या सालीतलं ते तेल कातडी जाळतं आणि मोसम संपेपर्यंत निघत नाही. डिचोलीचे खाणीवरचे ट्रकवाले, दोडामार्गाकडून येऊन इथे राहिलेले, रेषारेषांत तांबडी धूळ मुरलेली. हे हात नकोत, असं पहिल्याच आठवड्यात कुणी तरी म्हणालं. आकडे बिघडवतात. आमच्या धंद्यात असल्या मोजमापांना कचरा म्हणायची रीत आहे. तू फर्मान काढलंस, प्रयोगशाळेत कचरा हा शब्द उच्चारील त्याने सगळ्यांना मिक्स भाजी आणि उंडे खायला घालायचे. सगळ्यात जास्त वेळा मीच घातले. पाववाला पोदेर मला नावाने ओळखायला लागला.

माझे बाबा डिचोलीच्या इस्पितळात होते तेव्हा तू रोज पेजेचा डबा घेऊन यायचीस आणि त्यांच्या उशाशी बसून त्यांनाच दम द्यायचीस. "काका, पेज जेवायची नसात तर तोंडान सांगा, नाक मुरडू नकात." ते तुझ्या भीतीने जेवायचे. मी एकदाही आभार मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आता नाटकां करू नको." आज मात्र म्हणते, आणि तुला ऐकून घ्यावंच लागेल. तू होतीस म्हणून ते दिवस निभले. पुढे बाबा गेले त्या रात्री पहिला फोन मी तुलाच केला होता, भावाला नंतर.

तर आता ऐक, तुझ्यामागे काय झालं.

तुझा बारावा आटोपला आणि आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, तुलाही ते माहीत आहे. पण घाई झाली की त्यांना लांबचं दिसत नाही. म्हणाले, "लेख तयार आहे, आता पाठवून देऊ. शुभदाबाईंना तीच खरी श्रद्धांजली. फक्त तो गडद हातांचा गट काढून टाका. चित्रं धड येत नाहीत, परीक्षक तिथेच बोट ठेवतील. पहिलं चित्र तुमच्या हाताचं घाला. अप्रतिम आलंय ते."

मी विचारलं, आणि तीट?

"तिला कार्बनची संदर्भखूण म्हणू. तुमच्या हातावर ती छानच काम करते."

माझ्या हातावर! माझ्या हाताला तिची गरजच नव्हती, शुभा. साखर होती ना ती! ज्यांच्यासाठी तीट लावली तेच हात बाहेर, आणि मी आत. वर लेखावर पहिलं नाव तुझं. तुझं नाव ठेवायचं आणि तू ज्यासाठी भांडलीस ते झाडून काढायचं. मला तो स्टुडिओतला फोटो आठवला.

मी म्हटलं, "साहेब, ते हात गेले तर माझाही हात जाईल. माझ्या हाताचं एकही चित्र वापरायला माझी परवानगी नाही. आणि आम्हा दोघींची नावंही काढा."

"मॅडम, तुम्ही दुःखात आहात."

"दुःखात आहेच. पण शुद्धीतही आहे."

"शुभदाबाईंचं नाव काढायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारायला आले तर माझ्याकडे पाठवा."

ते हताश होऊन म्हणाले, "बरं, धड चित्र आणून दाखवा. एकाच गडद हाताचं दाखवा. मग बोलू."

बाहेर आले. बोलून तर बसले, आणि चित्र कुठून आणू? तू वजाबाकी शिकवून ठेवली होतीस. पाच-सहा हातांवर ती लागली होती, बाकीच्यांवर धुकं राहत होतं. बोंब गेली तरी मागे टपटप उरायची. टपटप घालवायला सरासरी हवी, आणि सरासरी घेतली की हललेल्या हाताचं चित्र फराटे ओढल्यासारखं व्हायचं. आपलं भांडण तिथेच तर अडलं होतं.

सोमवारी सकाळी दारात मावशी उभी. तुझ्या भावाच्या स्कूटरवर मागे बसून कोरगावाहून आली होती. मी दचकले. "मावशी, तू कशी?"

"तिनां माका ह्या सोमारी येवक सांगलेलां," मावशी म्हणाली. "इलंय."

तू तिचा हात मोजायचं ठरवून गेली होतीस, मला न सांगता. मोसम होता, तिचे हात डीकाने काळेकुट्ट. मी म्हटलं, मावशी, आज नको, घरी जा, विसावा घे. ती ऐकेना. कदेल ओढून बसली, चष्मा स्वतःच चढवला, हात पुढे केला. मग म्हणाली, "तीट लाय मगे. तशीच बसतलंय काय?"

मी लावली. तिचं मनगट कापत होतं. झोत सुरू केले. मावशी अधूनमधून पदराने नाक पुसत होती, तेवढ्याने हात सरकत होता. एकदा विचारलं, "माझो काळो हात म्हणान बाजूक काडतले काय गो? शुभाचो भाव सांगत होतो."

"काढूदेत कोण काढतो ते," मी म्हटलं. "तू बस."

ती गेल्यावर मी सरासरी घेतली. फराटे. नुसते फराटे, तू म्हणाली होतीस तस्से. मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडले, आणि रडता रडता तुला शिव्या घातल्या. संतोष चहा ठेवून निघून गेला. चहा प्यायला डोकं वर केलं, तेव्हा पडद्यावर एकेका झोताची साठवलेली चित्रं एकामागून एक चालूच राहिली होती. आत सगळं धुकं, पण वर तीट लख्ख, आणि ती हलत होती. मावशीचा हात थरथरला तशी थरथरत होती, ती नाक पुसायला वळली तेव्हा सरकत होती. हात किती हलला, कुठे हलला, ते तीट दर झोताला सांगत होती, आणि आपण दोघी मूर्ख, तिला एका जागची समजून बसलो होतो.

मग काय राहिलं, शुभा? दर झोताचं चित्र आधी तिटेवर तीट ठेवून जुळवायचं, आणि मग घ्यायची सरासरी. हवी तेवढी. हात जिता आहे तर जिता असू दे, हलू दे खुशाल. तुला हे सांगायला मी फोन उचलला. खरंच उचलला. तुझं नाव काढलं, आणि मग खाली ठेवला.

प्रोग्रॅम लिहायला फार वेळ लागला नाही. आधी जुळवणी, मग तुझी वजाबाकी, मग माझी सरासरी. मावशीच्या हाताचं चित्र उमटलं. माझ्या हातासारखं नाही, कडा मऊ, मध्ये मध्ये तुटलेलं. पण खोलवर एक शीर होती, तिला फुटलेल्या दोन फांद्या होत्या. ज्या जागी आपण इतके दिवस धुकं बघत होतो तिथे रक्त वाहत होतं.

मी ते छापून कोरगावला घेऊन गेले. मावशी अंगणात बिया वाळत घालत होती. तिने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "ही माझी?"

"तुझी."

"हेच्यात शुभाचां काय?"

"तीट तिची, मावशी. सरासरी माझी."

"आनी हात माझो," मावशी म्हणाली आणि कागद घडी करून कमरेला खोचला. मी म्हटलं, अगो, चुरगळेल तो! तर म्हणते, "चुरगळांदे. माझोच आसा." पुढचा घटकाभर आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, मोकळेपणाने, शेजाऱ्यांनी डोकावून पाहिलं तरी.

प्रमुखांनी चित्र पाहिलं. मग म्हणाले, हे चांगलं आहे, हे घालू. बाकीचे? मी म्हटलं, सगळे पुन्हा काढलेत. बहुतेक हातांत शिरा दिसतात. काही हात अजून दिसत नाहीत, ट्रकवाल्यांचे दोन-तीन तर मुळीच नाहीत. तेही घातलेत. तेव्हा मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "जे दिसतच नाही ते कशाला दाखवायचं, मॅडम?"

कारण ते हात आले होते, म्हणून. ट्रक उभा करून, कामाची पाळी बुडवून, आंघोळ करून आले होते. तुझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी हात पुढे केले होते. मी हे सगळं त्यांना ऐकवलं, जरा मोठ्यानेच. शेजारच्या खोलीतली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. येऊदेत, म्हटलं. शेवटी ते म्हणाले, बरं, असू द्या, पण त्या चित्रांखाली तुम्ही जे लिहिलंय ते तरी खोडा. शास्त्रीय लेखात असं कुणी लिहीत नाही.

त्या काळ्या, कोऱ्या चित्रांखाली मी एवढंच लिहिलंय: या हातांत रक्त आहे, कमी पडलं ते आमचं यंत्र.

ते मी खोडलं नाही. लेख काल पाठवला. पहिलं नाव तुझं आहे, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर पत्ता माझा आहे.